मुंबई ते विजयदुर्ग : खुष्कीचा मार्ग

विजयदुर्ग हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातले, वाघोटण खाडीच्या मुखावरचे बंदर. राज्याच्या राजधानीपासून, म्हणजे मुंबईपासून, ते रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर अंतरावर आहे. एकेकाळी हा प्रवास मुख्यतः पाण्यावरून होत असे. मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत विजयदुर्गला लागायची आणि पुढे देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे जायची. पुढे आगबोटी बंद पडल्या. महामार्ग आणि त्यानंतर आलेली कोकण रेल्वे ही दोन्ही किनारा सोडून आतल्या बाजूने गेली. समुद्रवाटेने मुंबईशी थेट जोडलेले बंदर जमिनीच्या वाटेने आडबाजूला पडले. विजयदुर्गची आजची शांतता या बदलातून आली आहे आणि प्रवासाची आखणीही त्यावरच ठरते. मुंबईपासूनच्या पहिल्या चारशे किलोमीटरला गाड्यांची कमतरता नाही. खरी जुळवाजुळव शेवटच्या पन्नास किलोमीटरची असते. म्हणून हा प्रवास शेवटच्या टप्प्यापासून मागे येत आखावा.

ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. हवा कोरडी असते, सकाळ-संध्याकाळ किल्ल्यावर सुखाने फिरता येते आणि रस्ते मोकळे असतात. मार्चपासून उकाडा वाढतो. एप्रिल-मे हा हापूसचा हंगाम. देवगड तालुक्यातल्या सड्यांवरच्या बागांत तेव्हा आंबा उतरवण्याची आणि पेट्या भरण्याची घाई असते. ती पाहायची असेल तर ऊन सोसण्याची तयारी ठेवावी आणि दुपारचे फिरणे टाळावे.

जून ते सप्टेंबर कोकण हिरवेगार असते, पण या मोसमात किल्ल्याच्या तटावर शेवाळ धरते, समुद्र खवळलेला असतो आणि महामार्गावर व घाटांत दरडींची भीती असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी समुद्री मासळीही फारशी मिळत नाही. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि विसर्जनानंतरचे दोन दिवस या मार्गावर केवळ भटकंतीसाठी निघू नये. चाकरमान्यांची सारी गर्दी तेव्हा याच रस्त्यावर आणि याच गाड्यांत असते.

शेवटचा टप्पा : तळेरे ते विजयदुर्ग

मुंबई-गोवा महामार्गावर खारेपाटणच्या पुढे तळेरे हे गाव लागते. येथे चार वाटा एकत्र येतात. उत्तरेला मुंबई आणि दक्षिणेला कणकवली-गोवा. पूर्वेची वाट वैभववाडी, करूळ घाट आणि गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाते, तर पश्चिमेची विजयदुर्गला. तळेरे ते विजयदुर्ग अंतर सुमारे ५० किलोमीटर असून स्वतःच्या गाडीने त्याला सव्वा ते दीड तास धरावा. रस्ता वाघोटण, पडेल आणि गिर्ये या गावांवरून जातो. पडेल कॅन्टीन हा या भागातला ओळखीचा तिठा. देवगडकडून येणारी वाटही येथेच मिळते.

आधी दाट झाडी आणि वळणांची उतरण, मग आंबा-काजूच्या बागा आणि शेवटी जांभ्याचा उघडा सडा असा हा रस्ता बदलत जातो. गिर्येच्या सड्यावर पवनचक्क्या दिसू लागल्या की समुद्र जवळ आला असे समजावे. या रस्त्यावर रात्री वर्दळ नसते आणि वळणे आंधळी आहेत. अनोळखी चालकाने हा टप्पा दिवसाउजेडी पार करावा. इंधन आणि रोख पैसे यांची सोय महामार्ग सोडण्यापूर्वी, तळेरे किंवा कणकवलीला, करून घ्यावी. सड्यावर काही ठिकाणी मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा.

रेल्वेने

विजयदुर्गला रेल्वे नाही. कोकण रेल्वेची उपयोगी स्थानके चार : राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड आणि कणकवली. यांतले वैभववाडी रोड तळेऱ्याला सर्वांत जवळ आहे. तेथून विजयदुर्ग सुमारे ६५ किलोमीटर पडते. कणकवलीहून हे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास जाते. तरीही नवख्या प्रवाशाने कणकवली निवडणे शहाणपणाचे. तेथे अधिक गाड्या थांबतात, एसटीचे मोठे आगार आहे, आणि रिक्षा व भाड्याच्या गाड्या मिळतात. राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून बरेच दूर आहे, हे तिकीट काढताना ध्यानात घ्यावे.

शनिवार-रविवारच्या भटकंतीला रात्रीची गाडी योग्य. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कोकणकन्या आणि दादरहून तुतारी एक्स्प्रेस रात्री सुटते व सकाळी सिंधुदुर्गात पोचवते. दिवसा प्रवास करायचा असेल तर मांडवी, जनशताब्दी आणि वंदे भारत या गाड्या आहेत. त्या सकाळीच सुटतात. यांत मांडवी सर्वांत संथ, पण कोकण पाहण्यासाठी सर्वांत चांगली. रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी आणि भोके स्थानकांमध्ये करबुडे बोगदा लागतो. त्याची लांबी साडेसहा किलोमीटर असून कोकण रेल्वेवरचा तो सर्वांत मोठा बोगदा आहे. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल येतो. दरीच्या तळापासून त्याची उंची सुमारे ६४ मीटर आहे.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि सुट्ट्यांना जोडून आलेल्या शनिवार-रविवारच्या जागा झपाट्याने संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते. गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात. जून ते ऑक्टोबरमध्ये तिकिटावरची वेळ पुन्हा पडताळून पाहावी. गाडीचा थांबा वैभववाडीला की कणकवलीला, हे ठरल्याशिवाय पुढची एसटी जुळवू नये.

एसटीने

विजयदुर्ग गावात राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे. एवढ्या लहान गावाच्या दृष्टीने ही मोठी सोय. कणकवली, तळेरे आणि देवगड या तिन्ही बाजूंनी गाड्या येतात. त्या दिवसभर सलग नसतात. सकाळी आणि संध्याकाळी दाट, दुपारी विरळ. सकाळी नऊच्या सुमारास कणकवलीला उतरलेल्या प्रवाशाने आधी चौकशी खिडकीवर विजयदुर्गच्या पुढच्या गाडीची वेळ विचारावी आणि मगच चहा-नाश्त्याला बसावे. थेट गाडी दूर असेल तर तळेऱ्यापर्यंत महामार्गाने जाणारी कोणतीही एसटी घ्यावी व तेथून विजयदुर्ग किंवा पडेलकडे जाणारी गाडी पाहावी.

मुंबईहून रात्रीच्या बसने येणाऱ्याने तळेऱ्याला उतरवण्याबद्दल वाहकाशी आधीच बोलून ठेवावे. पहाटे तीन-चारला तळेऱ्याला उतरण्यात अर्थ नाही. बस त्या वेळी पोचत असेल तर कणकवली बसस्थानकापर्यंत जाऊन उजाडण्याची वाट पाहावी. महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

गावोगावी मुक्कामाला जाणाऱ्या वस्तीच्या गाड्या सकाळी लवकर परत निघतात. सकाळच्या प्रवासाला त्या भरवशाच्या. शेवटच्या गाडीची वेळ मात्र पोचल्याबरोबर आगारात विचारून घ्यावी. ती चुकली तर वडाप किंवा खासगी रिक्षा करावी लागते आणि ५० किलोमीटरसाठी ती स्वस्त पडत नाही.

स्वतःच्या गाडीने

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा आणि तळेऱ्यापर्यंत तो सोडायचा नाही. थांबे धरून मुंबई ते विजयदुर्ग १० ते १२ तास लागतात. पहाटे चार-साडेचारला निघाल्यास मुंबईची व पेण-वडखळची गर्दी टळते आणि शेवटचा टप्पा उजेडात होतो.

कोकणातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गाला त्या एकामागून एक आडव्या येतात, आणि त्यांच्यावरून प्रवास कुठवर आला हे कळते. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, मग बावनदी, लांज्याच्या अलीकडे काजळी आणि पुढे मुचकुंदी, राजापूरला अर्जुना आणि खारेपाटणला शुक. प्रत्येक दोन नद्यांमध्ये एक चढण आणि एक उतरण असते. गाडीचे ब्रेक आणि टायर निघण्यापूर्वी तपासून घ्यायचे ते यासाठी. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळून मोठी दुर्घटना झाली. त्या जागी नवा पूल उभा आहे. मुसळधार पावसात पुराचा इशारा असेल तेव्हा हा मार्ग रात्री घेऊ नये, एवढा धडा त्या घटनेतून घेण्यासारखा आहे.

पोलादपूर आणि खेड यांमधला कशेडी घाट आता बोगद्यांमुळे टाळता येतो. चिपळूणच्या अलीकडचा परशुराम घाट रुंद झाला असला तरी पावसात तेथे दरड येते. कोठे थांबावे हे वेळेवर ठरते. एका दमात जायचे असेल तर महाड किंवा चिपळूण ही मधली विश्रांती. दोन दिवस हाताशी असतील तर संगमेश्वरजवळच्या कसब्याचे कर्णेश्वर मंदिर पाहून पुढे जावे. कसबा-संगमेश्वर येथेच १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले.

खारेपाटणला मात्र आवर्जून थांबावे. समुद्रापासून सुमारे ४० किलोमीटर आत असलेले हे गाव मध्ययुगात बंदर होते. विजयदुर्गच्या मुखातून शिरलेली गलबते वाघोटण खाडीने येथवर येत आणि माल घाटवाटांनी देशावर चढत असे. शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ चा ताम्रपट येथे सापडला आहे. पुलावरून दिसणारी ही नदी विजयदुर्गच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते, हे ठाऊक असले की बंदराचा आणि घाटमाथ्याचा संबंध नकाशाशिवाय कळतो.

पुण्याकडून येणाऱ्यांना कोल्हापूर-गगनबावडा-करूळ घाट-वैभववाडी-तळेरे हा मार्ग सोयीचा. मुंबईकरांना तो लांब पडतो. करूळ घाट दरडी किंवा दुरुस्तीमुळे बंद राहू शकतो; निघण्यापूर्वी स्थिती विचारून घ्यावी.

सागरी मार्गाने

हातखंब्याला महामार्ग सोडून रत्नागिरीत यावे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने खाली जावे, हा स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना तिसरा पर्याय. वेळ जास्त लागतो, रस्ता अरुंद आहे, पण भटक्यांसाठी हाच सर्वांत समृद्ध. रत्नागिरीहून पावस, तेथून मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड, मग कशेळीचे कनकादित्य मंदिर, आडिवऱ्याची महाकाली, नाटे गावचा यशवंतगड आणि जैतापूर असा क्रम लागतो. कशेळीच्या सूर्यमंदिराला शिलाहार राजा दुसरा भोज याने दिलेला ताम्रपट उपलब्ध आहे. विजयदुर्गाची उभारणीही परंपरेने याच राजाकडे, बाराव्या शतकाच्या अखेरीकडे नेली जाते. जैतापूरची खाडी पुलाने ओलांडून पुढे वाघोटण खाडीवरच्या पुलावर यायचे आणि पडेलमार्गे विजयदुर्ग गाठायचे. रत्नागिरी ते विजयदुर्ग या वाटेने, देवळे व किल्ले पाहत, पूर्ण दिवस द्यावा. जेवणाची सोय रत्नागिरी किंवा पावसला करून निघावे. मधल्या गावांत आगाऊ सांगितल्याशिवाय जेवण मिळेलच असे नाही.

बंदर आणि किल्ला

विजयदुर्गचे बंदर पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही आणि पाणी खोल आहे. किल्ल्याच्या भूशिरामुळे आतल्या बाजूला गलबतांना आडोसा मिळतो. या गुणांमुळेच येथे आरमार वसले. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६५३ मध्ये घेतला आणि त्याला विजयदुर्ग नाव दिले, असे मानले जाते. त्याआधी गिर्ये गावावरून तो घेरिया म्हणून ओळखला जाई. इंग्रजी कागदपत्रांत पुढेही बराच काळ तेच नाव आढळते. कान्होजी आंग्र्यांच्या काळात आणि त्यांच्या पुत्रांच्या काळात हे आरमाराचे बलाढ्य ठाणे होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी जमिनीवरून आणि इंग्रजांनी वॉटसन व क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखाली समुद्रावरून तुळाजी आंग्र्यांवर चाल केली. त्या लढाईत आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. मराठी आरमाराची ती कायमची हानी होती आणि ती मराठ्यांच्या आपसातल्या वैरातून झाली. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला, आनंदराव धुळपांनी येथून आरमार चालवले आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. जमिनीच्या बाजूला पूर्वी खंदक होता. एसटी आगारापासून दरवाजा चालत काही मिनिटांवर आहे. प्रवेश वळणाचा, बुरुजांच्या आड लपलेला. आत तटांच्या तीन ओळी, बुरुज, दारूकोठार, विहिरी व तलाव, सदर आणि खलबतखाना पाहायला किमान तीन तास द्यावेत. फेरी पश्चिम तटावरून सुरू करून उत्तरेच्या, खाडीकडच्या बुरुजावर संपवावी. बंदराचे मुख, समोरचा राजापूर तालुक्याचा किनारा आणि खाडीचे वळण तेथून एका नजरेत येते. पश्चिमेला, किल्ल्यापासून काही अंतरावर, पाण्याखाली जांभ्या दगडाची भिंत आहे. शत्रूच्या मोठ्या जहाजांना किल्ल्याजवळ येता येऊ नये यासाठी ती बांधली असावी, असे मानले जाते. ती वरून दिसत नाही.

किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून दाखवले जाणारे चौथरे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडले जातात, आणि त्यावरून दर वर्षी येथे हेलियमचा दिवस साजरा होतो. त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केले होते. नॉर्मन लॉकियर यांना हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून दिसली. या दोन गोष्टी ठाऊक ठेवून, हेलियमचा शोध या ओट्यांवरून लागला ही स्थानिक कथा ऐकावी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले आले, त्यांत विजयदुर्ग आहे. तटाचा काही भाग लाटांच्या माऱ्याने खचलेला आहे. ढासळत्या तटावर चढू नये, झाडोऱ्यात लपलेल्या विहिरींपासून सावध राहावे, दगड हलवू नयेत आणि किल्ल्यात पाण्याच्या बाटल्या टाकू नयेत. अनेक शतके समुद्राला तोंड दिलेला हा तट पाहुण्यांच्या निष्काळजीपणाने कमकुवत होऊ नये.

गिर्ये : रामेश्वर आणि गोदी

विजयदुर्गच्या अलीकडे, चालत जाण्याजोग्या अंतरावर, गिर्ये गावचे रामेश्वर मंदिर आहे. जांभ्याचा सडा खोदून काढलेल्या वाटेने उतरत मंदिराच्या आवारात पोचता येते. मंदिराच्या आवारात उभी असलेली जहाजाची डोलकाठी या परिसराचा आरमाराशी असलेला संबंध सांगते. खाडीच्या काठी, बंदरापासून सुमारे तीन किलोमीटर आत, मराठ्यांची आरमारी गोदी आहे. खडक खोदून आणि कोरड्या दगडी बांधकामाने ती तयार केली असून तिची लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास भरते. गलबते बांधणे आणि दुरुस्त करणे हे काम येथे चाले. आज गाळाने व झाडीने तिचा बराच भाग झाकलेला आहे. ती पाहण्यासाठी भरतीओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारून घ्यावी. ओहोटीला बांधकामाचे खालचे थर उघडे पडतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शनिवारची वेळ रविवारी लागू पडत नाही.

मुक्काम आणि जेवण

विजयदुर्गात घरगुती निवास आणि लहान लॉज आहेत. मोठी हॉटेले नाहीत आणि गावाला ती शोभणारही नाहीत. मुक्काम आधी फोन करून ठरवावा आणि जेवणाचेही त्याच वेळी सांगावे, कारण मासळी सकाळच्या बाजारावरून आणली जाते. मासळीचे कालवण, तळलेली तुकडी, भात, सोलकढी हे रोजचे जेवण. सकाळी घावणे किंवा आंबोळी आणि उसळ. शाकाहारी प्रवाशांनी तसे आदल्या दिवशी कळवावे. जेटीवर मच्छीमारांचे काम चालू असते. जाळी तुडवू नयेत आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत. बरोबर टोपी, पुरेसे पाणी, विजेरी, घट्ट पकडीचे बूट आणि नेहमीची औषधे असावीत. मोठ्या उपचारांसाठी देवगड किंवा कणकवली गाठावे लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आपत्तीत ११२ आणि महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हे क्रमांक चालतात.

दोन दिवसांची आखणी

शुक्रवारी रात्री मुंबईहून रेल्वे. शनिवारी सकाळी कणकवलीला उतरून एसटीने दुपारपर्यंत विजयदुर्ग. जेवण, विश्रांती आणि उन्हे कलल्यावर किल्ला. अंधार पडण्याआधी बाहेर यावे. रविवारी भल्या सकाळी गिर्येपर्यंत पायी जाऊन रामेश्वर आणि गोदी पाहावी, दहापर्यंत परतावे, लवकर जेवून दुपारच्या एसटीने कणकवली गाठावी आणि रात्रीच्या गाडीने निघून सोमवारी पहाटे-सकाळी मुंबई. एसटी आणि रेल्वे यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

तिसरा दिवस मिळत असेल तर विजयदुर्गहून पडेलमार्गे देवगड, तेथील किल्ला व दीपगृह आणि पुढे समुद्रकाठचे कुणकेश्वर मंदिर पाहून कणकवलीला निघावे. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी जाताना महामार्ग आणि परतताना रत्नागिरीपर्यंत सागरी मार्ग घेतला तर दोन्ही वाटा एकाच फेरीत होतात. अशा वेळी रत्नागिरीत एक मुक्काम वाढवावा.